परत आलेल्या पत्राचा दोष

नियतकालिकांचा इतिहास लिहिताना आपण संपादकांची आणि लेखकांची दखल सविस्तर घेतो. वर्गणीदार मात्र आकड्यापुरता उरतो. तो का गेला, हे क्वचितच विचारले जाते. ईमेलच्या मेलिंग लिस्टांबाबत तर हा प्रश्न अधिकच अवघड होतो. तेथून कित्येक वाचक स्वतःहून गेले नाहीत, वगळले गेले. तेही कोणा माणसाच्या निर्णयावाचून.

साहित्याच्या अभ्यासकांना हा प्रांत परका नाही. एरिक तोमा यांची 'लिस्टसर्व' ही प्रणाली १९८६ साली आली आणि मे १९८७ मध्ये विलर्ड मॅकार्टी यांनी टोरांटोहून 'ह्युमनिस्ट' ही मानव्यविद्या व संगणक या विषयाची यादी सुरू केली. एका पत्त्यावर लिहावे आणि ते सर्व सदस्यांना पोचावे, एवढीच मूळ कल्पना.

पण पोचले नाही तर? ईमेलच्या दळणवळणाचे नियम १९८२ साली ठरले, तेव्हाच न पोचलेल्या पत्राची वर्दी मूळ पाठवणाऱ्याला द्यावी अशी तरतूद झाली. आपल्याकडे 'पत्ता अपुरा' असा शेरा मारून अंक परत येतो, तसेच हे. यादी लहान असेल तर चालकाला अशी परतपत्रे स्वतः वाचून ठरवता येत: पेटी भरली आहे, की सदस्याने विद्यापीठच सोडले आहे. यादी वाढली की हे काम यंत्राकडे जाणे अपरिहार्यच होते.

'मेलमन' या बहुप्रचलित प्रणालीने त्यासाठी गुणपद्धती आणली. पत्र परत आले की सदस्याच्या खाती गुण चढतो, दिवसाला फार तर एक. नेहमीच्या मांडणीत गुण पाचावर गेले की टपाल थांबते. मग आठवड्याच्या अंतराने तीन इशारे, आणि अखेर नाव कमी. हे इशारे जातात कोठे? ज्या पत्त्यावर पत्रे पोचत नाहीत, त्याच पत्त्यावर!

या पद्धतीतला अन्याय एप्रिल २०१४ मध्ये उघड झाला. बनावट पत्रांना आळा घालण्यासाठी याहूने जाहीर केले, की आमच्या पत्त्यावरून आल्याचे सांगणारे पत्र पडताळणीत उतरले नाही तर नाकारावे. एओएलनेही त्याच महिन्यात तेच केले. यादीवरून जाणारे पत्र यादीच्या यंत्रातून निघते; शिवाय विषयापुढे यादीचे नाव किंवा तळाशी टीप जोडली, की मूळची अंकीय सही निकामी होते. मग याहूच्या सदस्याने यादीवर लिहिलेले पत्र जीमेल नाकारी, आणि गुण चढे जीमेलवरच्या सदस्याच्या खाती. त्याने काहीच केलेले नसे. बरे, टपाल थांबल्याचा इशारा नजरेतून निसटला, तर त्याला दिसे ते केवळ मौन. चर्चा थंडावली असेल, असे समजून तो स्वस्थ बसे. सदस्यत्वाच्या पानावर जाऊन टपाल पुन्हा सुरू करता येई, पण ते बंद झाले आहे हे आधी कळायला हवे ना?

उपाय निघाले. त्यांपैकी सर्वाधिक रुळलेला म्हणजे प्रेषकाच्या जागी लेखकाऐवजी यादीचाच पत्ता घालणे. साहित्याच्या अभ्यासकांना यातली गंमत, आणि आमच्या मते किंमतही, सांगायला नको: वाचक टिकवण्यासाठी लेखकाचा पत्ता मागे सरला.

याद्यांच्या जुन्या संग्रहांत २०१४ सालची पत्रे आजही वाचता येतात. ती कोणाकोणाच्या हाती पडली नाहीत, याची नोंद त्या संग्रहांत नसते.