गृहसंगणकावरील आगगाडी : रेल्वे सिम्युलेटर, ऑपरेटिंग सिस्टिमची कार्यक्षमता आणि अहमदनगर जिल्हा

प्रस्तावना

अहमदनगर (सध्याचा अहिल्यानगर) जिल्ह्याचा रेल्वे इतिहास मुख्यतः दौंड-मनमाड लोहमार्गाशी निगडित आहे. १८७८ मध्ये वाहतुकीस खुला झालेला हा मार्ग ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या ईशान्येकडे व आग्नेयेकडे जाणाऱ्या दोन शाखांना जोडणारा दुवा ठरला. राहुरी, श्रीरामपूरचे बेलापूर स्थानक, पुणतांबा, कोपरगाव ही स्थानके याच मार्गावर आहेत. मार्गाच्या उभारणीची माहिती गॅझेटियर व अहवालांतून मिळते. तथापि एकेरी मार्गावर समोरून येणाऱ्या गाडीसाठी स्थानकात थांबून राहणे, सिग्नलकडे लक्ष ठेवणे, चढावर इंजिनाचा वेग पडणे हा चालकाचा अनुभव कागदपत्रांत क्वचितच उतरतो. असा अनुभव नोंदविण्याचे एक साधन एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी सामान्य घरातील संगणकावर उपलब्ध झाले. ते साधन म्हणजे रेल्वे सिम्युलेटर होय.

प्रस्तुत लेखात या खेळांचा आणि ऑपरेटिंग सिस्टिमच्या कार्यक्षमतेचा परस्परसंबंध ऐतिहासिक दृष्टीने तपासला आहे. खेळ चालणे वा न चालणे हे केवळ यंत्राच्या वेगावर अवलंबून नव्हते, तर ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःसाठी किती साधने राखून ठेवते यावरही ते ठरत होते, हे या लेखाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

सिम्युलेटरचा उदय

जपानमधील तैतो कंपनीचा 'डेन्शा दे गो' हा खेळ १९९६ मध्ये आला. घरगुती संगणकाच्या संदर्भात मात्र २००१ हे वर्ष निर्णायक ठरले. त्या वर्षी मायक्रोसॉफ्टने ब्रिटनमधील कुजू या संस्थेकडून तयार करून घेतलेला 'ट्रेन सिम्युलेटर' प्रसिद्ध केला. त्यात अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रिया व जपान येथील सहा मार्ग होते. भारतीय मार्ग एकही नव्हता. परंतु नवे मार्ग रचण्याचे साधन खेळासोबतच दिलेले होते. त्यामुळे भारतीय हौशी मंडळींनी आपल्याकडील इंजिने, डबे व मार्ग स्वतः तयार केले. उपभोक्ता येथे निर्माता झाला, ही बाब सांस्कृतिक इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

याच २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली आणि पुढे एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे संगणक तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचला. त्या काळी मध्यमवर्गीय घरात येणारा संगणक बहुधा स्थानिक विक्रेत्याने सुटे भाग जोडून दिलेला असे. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड घेण्याऐवजी मदरबोर्डवरील ग्राफिक्सवरच काम भागविले जाई.

कार्यक्षमतेचे गणित

मदरबोर्डवरील ग्राफिक्स मुख्य मेमरीतूनच आपला वाटा घेते. विंडोज ९८ साठी किमान १६ एमबी मेमरी पुरेशी होती. ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीसाठी किमान ६४ व शिफारस १२८ एमबीची होती. विंडोज व्हिस्टाला किमान ५१२ एमबी, तर २००९ च्या विंडोज ७ ला किमान १ जीबी मेमरी लागू लागली. म्हणजे अकरा वर्षांत ऑपरेटिंग सिस्टिमची किमान गरज ६४ पटींनी वाढली. १२८ एमबीच्या संगणकावर विंडोज ९८ काढून एक्सपी घातली की खेळाच्या वाट्याला येणारी मेमरी घटत असे. यंत्र तेच राही, पण गाडी अडखळू लागे.

या अडखळण्यामागे तांत्रिक कारण होते. 'ट्रेन सिम्युलेटर'मध्ये मार्गालगतचा भूभाग सुमारे दोन किलोमीटरच्या चौकोनांत विभागलेला असे. गाडी पुढे सरकेल तसे पुढचे चौकोन हार्ड डिस्कवरून वाचले जात. मेमरी अपुरी पडली की ऑपरेटिंग सिस्टिम त्याच डिस्कचा तात्पुरती मेमरी म्हणून वापर करी. एकाच डिस्कवर असे दुहेरी ओझे पडल्याने स्थानक जवळ येताच चित्र थबके. एकेरी मार्गावर समोरासमोर आलेल्या दोन गाड्यांपैकी एकीला थांबावे लागते, तसाच हा प्रकार होता.

ग्रामीण महाराष्ट्रात कार्यक्षमतेला आणखी एक परिमाण होते, ते भारनियमनाचे. वीज अचानक गेल्यास विंडोज ९८ पुन्हा सुरू होताना स्कॅनडिस्क चालवून डिस्क तपासत बसे. एक्सपीसोबत एनटीएफएस ही बदलांची नोंद ठेवणारी फाइल व्यवस्था वापरल्यास सावरणे अधिक सुकर होई. अधिक मेमरी मागणारी एक्सपी या बाबतीत मात्र लाभदायक ठरली. म्हणून कार्यक्षमता म्हणजे केवळ वेग नव्हे; ज्या परिस्थितीत संगणक वापरला जातो तिच्याशी जुळवून घेण्याची क्षमताही तीत अंतर्भूत आहे.

सातत्याचा प्रश्न

'ट्रेन सिम्युलेटर'ची पुढची आवृत्ती काढण्याचे मायक्रोसॉफ्टचे दोन्ही प्रयत्न, पहिला २००४ मध्ये व दुसरा २००९ मध्ये, अर्धवट राहिले. व्हिस्टापासून प्रोग्राम फाइल्स या फोल्डरमध्ये लिहिण्यावर निर्बंध आले आणि जुन्या खेळात भर घालणे अडचणीचे झाले. एकाहून अधिक कोअर असलेल्या नव्या प्रोसेसरचाही त्याला फारसा लाभ घेता येईना. ८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीला मिळणारे साहाय्य संपले.

या टप्प्यावर स्वयंसेवकांनी पुढाकार घेतला. जुन्या खेळाच्या फाइली वाचू शकणारा 'ओपन रेल्स' हा मुक्त सिम्युलेटर त्यांनी विकसित केला, त्याची १.० आवृत्ती २०१५ मध्ये आली. व्यावसायिक क्षेत्रात 'ट्रेन सिम्युलेटर २०१९' या खेळाने २०१८ मध्ये ६४ बिटची सोय देऊन ३२ बिटची मेमरी मर्यादा ओलांडली.

स्थानिक इतिहासासाठी याचे महत्त्व मोठे आहे. दौंड-मनमाड मार्गाचे विद्युतीकरण झाले असून दुहेरीकरणही हाती घेण्यात आले. २००९ मध्ये साईनगर शिर्डीपर्यंत आणि २०२२ मध्ये आष्टीपर्यंत रेल्वे पोहोचली. डिझेल इंजिनांची एकेरी मार्गावरील वाहतूक हळूहळू स्मृतीत जमा होत आहे. तिची आभासी प्रतिकृती हा एक दस्तऐवज ठरू शकतो. परंतु तो उघडणारी प्रणालीच नाहीशी झाली, तर मोडी वाचणारा न उरलेल्या दप्तरासारखी त्याची अवस्था होईल.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, रेल्वे सिम्युलेटर हा गृहसंगणकाच्या इतिहासाचा दुर्लक्षित पण विश्वासार्ह पुरावा आहे. प्रत्येक नव्या ऑपरेटिंग सिस्टिमने काही दिले आणि काही हिरावून घेतले. मूळ निर्मात्याने पाठ फिरविल्यावरही फाइलींची रचना समजून घेणाऱ्या हौशींमुळे हा वारसा टिकला. महाविद्यालयांनी भंगारात निघणाऱ्या जुन्या संगणकांपैकी निदान एक, त्यावरील मूळ प्रणाली व सीडींसह, चालू स्थितीत जतन करावा. इतिहास विभागाने संगणक विभागाच्या साहाय्याने हे काम हाती घेतल्यास जिल्ह्याच्या रेल्वे इतिहासाला अभ्यासाचे एक नवे साधन लाभेल.