कळ आणि सूत्र : लोणारच्या अंगठ्यापासून संगणकातील सांगाड्यापर्यंत

१/
लोणारच्या सरोवराची आख्यायिका बुलढाणा जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. लवणासुर जमिनीखाली दडून बसला होता. विष्णूने बालरूप धारण करून त्याच्या विवरावरचे झाकण पायाच्या अंगठ्याने उडवले आणि असुराचा वध केला. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर उल्कापाताने निर्माण झाले, हे विज्ञानाने नंतर सांगितले. गावातील दैत्यसूदन मंदिर मात्र आजही त्या अंगठ्याची कथा सांभाळून आहे.

२/
हीच कथा ॲनिमेशनपटात दाखवायची झाल्यास पहिला प्रश्न देवाच्या चेहऱ्याचा नसतो, अंगठ्याचा असतो. अंगठा झाकणाला भिडला, तर घोटा किती वळेल? गुडघा कुठे जाईल? कंबर किती झुकेल? पात्राच्या आत अशा हालचालींसाठी सांगाडा, सांधे आणि नियंत्रणे बसवण्याच्या कामाला आज ‘रिगिंग’ म्हणतात. शब्द नवा आहे, काम फार जुने आहे.

३/
जुनेपणाचा पुरावा मराठी भाषेतच आहे. ‘कळसूत्री बाहुली’ हा शब्द आपण आता प्रामुख्याने राजकारण्यांना हिणवण्यासाठी वापरतो. पण त्याची फोड केली तर रिगिंगची व्याख्याच हाती येते. कळ म्हणजे यंत्रातील युक्ती, सूत्र म्हणजे दोरी. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मधील ज्ञानेश्वरीत दोरीने हलणाऱ्या बाहुलीसाठी ‘साइखडें’ असा शब्द येतो. दृष्टान्त श्रोत्याला परिचित गोष्टीचाच द्यावा लागतो. तेव्हा यादवकाळातील मराठी माणसाला हा खेळ माहीत होता, असे मानायला हरकत नाही.

४/
‘सूत्रधार’ या शब्दाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. जर्मन पंडित रिचर्ड पिशेल यांनी १९०० च्या सुमारास या शब्दाचा उगम बाहुल्यांच्या दोरीत शोधला आणि संस्कृत नाटकाचे मूळच बाहुल्यांच्या खेळात असल्याचे सुचवले. ते मत सर्वांना मान्य झाले नाही. मंदिरांच्या शिलालेखांत सूत्रधार म्हणजे मोजमापाची दोरी धरणारा स्थपती. एक सूत्रधार दगडात आकृती कायमची थांबवतो, दुसरा लाकडाला चालायला लावतो. योगायोग असेल, पण सुंदर आहे.

५/
महाराष्ट्रात ही विद्या जिवंत राहिली ती सिंधुदुर्ग जिल्ह्यात, कुडाळजवळच्या पिंगुळी गावी. तेथील ठाकर समाजाने सावंतवाडी संस्थानच्या आश्रयाने तीन कला जोपासल्या : चित्रकथी, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि लाकडाच्या कळसूत्री बाहुल्या. चित्रकथीत आकृती स्थिर असते. निवेदक एकामागून एक चित्रे दाखवत रामायण-महाभारतातील आख्याने गातो. चामड्याची बाहुली पडद्यावर सावली पाडते. कळसूत्रीत तर हालचालच कथा सांगते. ॲनिमेशनच्या विद्यार्थ्याला स्टोरीबोर्डपासून रिगपर्यंतचा प्रवास एकाच गावात पाहायला मिळतो.

६/
बाहुलीला सांधे किती असावेत? भारतातील बाहुलीकारांनी याची उत्तरे वेगवेगळी दिली. ओडिशाच्या रावणछायेत आकृती अखंड असते, सांधा एकही नाही. आंध्रच्या तोलु बोम्मलाटात खांदा, कोपर, कंबर आणि गुडघा हे सारे हलतात. राजस्थानच्या कठपुतळीला पायच नसतात; घोळदार घागरा चालण्याचा भास निर्माण करतो आणि दोन ते पाच दोऱ्यांत काम भागते. यांतील कोणतीही पद्धत अपुरी नाही. कथेला जेवढी हालचाल हवी तेवढेच सांधे, हा विवेक आजच्या रिगरलाही शिकावा लागतो. अनावश्यक नियंत्रणांनी भरलेला रिग ॲनिमेटरला मदत करण्याऐवजी त्याचा वेळ खातो.

७/
युरोपात लोटे रायनिगर यांनी हेच केले. काळ्या कागदाच्या आणि पातळ शिशाच्या आकृत्या कापून त्यांचे अवयव तारेने जोडायचे, आणि चौकटीगणिक किंचित हलवायचे. अशा रीतीने घडलेला त्यांचा ‘प्रिन्स अखमद’ हा दीर्घपट १९२६ मध्ये प्रदर्शित झाला. पुढे १९७६ मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतील बर्टनिक आणि वाइन यांनी संगणकावरील चित्राला आतून सांगाडा देण्याचे तंत्र प्रसिद्ध केले. प्रत्येक रेषा नव्याने काढण्याऐवजी आतील काड्या हलवायच्या. चित्र त्यांच्यामागे जाते.

८/
या सांगाड्याचा पहिला नियम कुळाचा आहे. खांदा हलला की कोपर, मनगट, बोटे सारी त्याच्यामागे जातात. बोट हलले म्हणून खांदा हलत नाही. मुळाकडून टोकाकडे असे हाड हाड वळवत जाणे हा एक मार्ग. दुसरा उलटा : टोक कुठे हवे ते सांगायचे आणि मधल्या सांध्यांचे कोन संगणकाने काढायचे. दैत्यसूदनाचा अंगठा याच मार्गाने झाकणापर्यंत पोहोचेल.

९/
येथे एक अडचण उभी राहते. अंगठा आणि कंबर यांची जागा पक्की केली तरी गुडघा पुढे, डावीकडे किंवा उजवीकडे वळू शकतो. गणिताला सारी उत्तरे सारखीच. म्हणून रिगर गुडघ्यासमोर एक अदृश्य खूण ठेवतो आणि गुडघ्याने तिच्याकडेच पाहावे असे बजावतो. कळसूत्री बाहुलीत ही खूण लागत नाही. दोरी मनगट उचलते आणि कोपर आपोआप खाली लोंबतो. टोकाकडून मुळाकडे जाणारे तेच गणित तेथे गुरुत्वाकर्षण सोडवते, तेही क्षणार्धात.

१०/
त्वचेचा प्रश्न मात्र संगणकाचाच. लाकडी कोपराला सुरकुती पडत नाही. संगणकातील हात वाकला की कातडी ताणली गेली पाहिजे. त्यासाठी त्वचेवरील प्रत्येक बिंदूवर कोणत्या हाडाचा किती अधिकार, हे ठरवावे लागते. हे वाटप साधे ठेवले तर मनगट पिळताच हात गोळीच्या कागदासारखा आवळतो. १९८८ मध्ये नादिया मान्येना-थालमान आणि सहकाऱ्यांनी सांध्यांगणिक त्वचेचा आकार बदलण्याची पद्धत मांडली, तीही हाताच्याच निमित्ताने.

११/
१९९३ हे वर्ष या इतिहासात मोठे गमतीचे. ‘जुरासिक पार्क’साठी डायनोसॉरचा धातूचा सांगाडा तयार झाला, त्याच्या सांध्यांत संवेदक होते. बाहुल्या हलवण्यात मुरलेले कलाकार तो हाताने वाकवत आणि संगणक कोन टिपून घेई. त्याच वर्षी मराठी प्रेक्षक ‘झपाटलेला’तील तात्या विंचूला घाबरत होते. तो बाहुला रामदास पाध्ये यांनी घडवला होता. दोन्हीकडे भीती खरी ठरली ती सांध्यांमागच्या माणसाच्या हातामुळे.

१२/
संगणकातील रिगची हुबेहूब प्रत क्षणात निघते. पिंगुळीच्या बाहुलीचे तसे नाही. दोरी नेमकी कुठे बांधली की मान डौलाने वळते, हे ज्ञान बोटांत असते आणि खेळ थांबला की तेही थांबते. रात्ररात्र चालणाऱ्या खेळांचा प्रेक्षक ओसरू लागला तेव्हा परशुराम विश्राम गंगावणे यांनी २००६ मध्ये स्वतःच्या गुरांच्या गोठ्यातच ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय उभे केले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. जुन्या चित्रकथी आणि बाहुल्या तेथे पाहता येतात, आणि त्या हलवणारे हातही.