पोटगीचा हुकूम जिल्ह्याची वेस कधी ओलांडणार?

आमच्याकडे बाया हुकूम घेऊन येतात. कागदावर कोर्टाचा शिक्का असतो, दरमहा किती द्यायचे तो आकडाही असतो. पैसा मात्र आलेला नसतो. नवरा पुण्याला कंपनीत, नाहीतर ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरकडे. वॉरंट ‘इसम मिळून आला नाही’ असा शेरा घेऊन हिंगोलीला परत येते. मग लोक म्हणतात, जिल्ह्याबाहेर आपला कायदा चालत नाही. हे साफ खोटे आहे, आणि इतिहासच ते सांगतो.

एक काळ होता, तेव्हा हे खरे होते. आपला हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात. पैनगंगेच्या पलीकडे वऱ्हाड, तिथे इंग्रजांचा कारभार. नदी एकच, पण दोन्ही काठांची न्यायालये वेगळी, सरकार वेगळे. नदी ओलांडणारा नवरा दुसऱ्याच राजवटीत जाई. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आले. १ एप्रिल १९५१ पासून देशाच्या दिवाणी आणि फौजदारी प्रक्रिया संहिता हैदराबाद राज्याला लागू झाल्या. त्या दिवशी पैनगंगेची ती वेस कायद्याने पुसली गेली.

त्या फौजदारी संहितेत काय होते? १८९८ च्या संहितेचे कलम ४८८ पोटगीचे. कलम ४९० सांगत होते की, नवरा जिथे असेल तिथला कोणताही न्यायदंडाधिकारी हा हुकूम अमलात आणू शकतो. म्हणजे हुकमाला जिल्ह्याची वेस इंग्रजांच्या काळापासूनच नाही.

वेस होती ती बाईला. अर्ज कुठे करायचा? नवरा राहतो किंवा असेल तिथे, नाहीतर दोघे शेवटचे जिथे एकत्र राहिले तिथे. मारून हाकललेली बाई माहेरी आली, तरी दाद मागायला तिने त्याच्याच मुलखात जायचे! ती माहेरच्या जिल्ह्यातही अर्ज करू शकते, हे मान्य व्हायला १९७३ ची नवी संहिता यावी लागली. पंचाहत्तर वर्षे! रकमेचेही तेच. १८९८ मध्ये महिना ५० रुपयांची कमाल मर्यादा, १९५५ मध्ये ५००, आणि ही ५०० ची मर्यादा उठली थेट २००१ मध्ये.

याच १९५१ सालात, २७ सप्टेंबरला, बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यामागच्या कारणांत हिंदू कोड बिलाची झालेली कोंडी ठळक होती. त्या बिलात घटस्फोट होता, वारसा होता, पोटगीही होती. पुढे १९५५-५६ मध्ये ते तुकड्या-तुकड्यांनी कायद्यात आले. संविधान कितीही चांगले असो, राबवणारे वाईट निघाले तर ते वाईटच ठरेल, असा इशारा बाबासाहेबांनी संविधान सभेत दिला होता. पोटगीच्या कागदाला तो शब्दशः लागू पडतो.

आज कायदा काय सांगतो ते पाहा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ पोटगीचे, कलम १४७ अंमलबजावणीचे. नवरा असेल तिथला न्यायदंडाधिकारी किंवा कुटुंब न्यायालय वसुली करू शकते. हुकमाची प्रत बाईला फुकट मिळाली पाहिजे. हुकूमनामा दिवाणी असेल तर दरखास्त त्या जिल्ह्यातल्या न्यायालयाकडे पाठवता येते. त्या दरखास्तीत पगाराचा एक तृतीयांश भाग सोडून बाकीवर जप्ती येऊ शकते. आणि तुरुंगात जाऊन आला म्हणजे थकबाकी फिटली असे होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने कुलदीप कौर खटल्यात स्पष्ट केले आहे.

मग अडते कुठे? हिंगोलीच्या कोर्टाने काढलेल्या जप्ती वॉरंटवर दुसऱ्या जिल्ह्यातल्या मालमत्तेसाठी तिथल्या जिल्हादंडाधिकाऱ्याचे पृष्ठांकन लागते. तो कागद टेबलावर पडून राहतो. इकडे थकलेल्या रकमेच्या वसुलीचा अर्ज ती देय झाल्यापासून एका वर्षात करावा लागतो. हे ज्या बाईला कोणी सांगितलेच नाही, तिचे जुने महिने या मार्गातून बाद होतात. मजुरी बुडवून, एसटीचे भाडे उसने घेऊन ती किती वेळा परजिल्ह्यात जाणार? पळून जाणाऱ्याला प्रवास परवडतो, पाठलाग करणारीला परवडत नाही. याचा फायदा कोणाला होतो, हे वेगळे सांगायला नको.

काही जण म्हणतील, गड्याकडेच पैसा नसतो. असेल. मग त्याने कोर्टात यावे, कमाई दाखवावी आणि रक्कम कमी करून मागावी. कायद्यात तशी सोय आहे. गायब व्हायची सोय कोणत्याही कलमात नाही.

म्हणून आमची मागणी नव्या कायद्याची नाही. हुकूम देणाऱ्या न्यायालयाच्या कार्यालयाने तो स्वतः दुसऱ्या जिल्ह्यात पाठवावा. वॉरंट का बजावले नाही, याचे उत्तर तिथल्या पोलीस अधीक्षकांनी लेखी द्यावे. आणि बायांनो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाचा दाखला आड येत नाही. शेवटच्या हप्त्याची तारीख लिहून ठेवा, बारा महिने उलटू देऊ नका.

१९५१ ला नदीची वेस पुसली, १९७३ ला अर्जाची. टेबलाची वेस अजून उभी आहे. ती पाडण्याची जबाबदारी एकट्या बाईची नाही, आपल्या सगळ्यांची आहे.

जय भीम!