मॅस्टोडॉनवरील स्थलांतरे आणि समाजाचे दप्तर

समाज स्थलांतर करतो तेव्हा बोली त्याच्याबरोबर जाते. दप्तर मात्र पुष्कळदा मागे राहते. आंतरजालावरील स्थलांतरांतही हाच क्रम आढळतो. ऑयगेन रोख्को यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या मॅस्टोडॉनचा कारभार एका मालकाच्या हाती नसून परस्परांशी जोडलेल्या अनेक स्वतंत्र सर्व्हरांवर विभागलेला आहे. त्यांच्या व्यवहाराची 'ॲक्टिव्हिटीपब' ही नियमावली २०१८ साली अधिकृत मानक ठरली. २०१९ च्या अखेरीस अधिवक्ता संजय हेगडे यांचे ट्विटर-खाते निलंबित झाल्यावर अनेक भारतीय तेथे गेले. ऑक्टोबर २०२२ मध्ये ईलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घेतल्यावर त्याहून मोठी लाट आली.

मॅस्टोडॉनच्या एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जाताना अनुयायी बरोबर नेता येतात. जुन्या लेखनाची प्रत उतरवून घेता येते, परंतु ते नव्या ठिकाणी पुन्हा मांडता येत नाही. मूळ सर्व्हर पुष्कळदा एखादा स्वयंसेवकच चालवीत असतो. त्याने तो बंद केला की मूळ पाठ नष्ट होतो आणि इतरत्र विखुरलेल्या प्रती तेवढ्या उरतात. सबब, या समाजांच्या भाषेचा इतिहास लिहावयाचा असेल, तर लेखकांच्या संमतीने करावयाचे संग्रहाचे काम सर्व्हर चालू आहे तोवरच हाती घेतले पाहिजे.