क्लच घसरणे (जुन्या पिकअप गाड्यांतील)

इंजिन जोरात फिरत असूनही त्या प्रमाणात गाडीचा वेग न वाढणे, हा मालवाहू पिकअपमधील नेहमीचा दोष आहे. हाताने गिअर टाकायच्या गाडीत तो बहुधा क्लचचा असतो, स्वयंचलित गिअरपेटीच्या गाडीत पेटीतील तेलाचा किंवा आतल्या क्लच-पट्ट्यांचा. गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुका आणि वैनगंगेपलीकडचा मूल-पोंभुर्णा हा चंद्रपूर जिल्ह्याचा भाग डोळ्यांसमोर ठेवून येथे मुख्यतः पहिल्या प्रकाराचा विचार केला आहे. या भागातल्या जुन्या पिकअप हाताच्या गिअरच्याच आहेत.

वाहने : भारतीय बनावटीच्या सुरुवातीच्या पिकअपमध्ये टाटा मोबाइल २०६ (१९८८) येते. त्यानंतर टाटा २०७, महिंद्रा बोलेरो पिकअप आणि २००५ मध्ये आलेली दोन सिलिंडरची टाटा एस (बोलीत ‘छोटा हत्ती’) ही वाहने खेड्यापाड्यांत पोचली. एमएच ३३ (गडचिरोली) आणि एमएच ३४ (चंद्रपूर) क्रमांकाच्या जुन्या गाड्यांत बोलेरो सहज नजरेत भरते.

रचना : फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी अस्तर असलेली क्लच प्लेट दाबून धरलेली असते. किती जोर पुढे जाईल हे चार गोष्टींवर ठरते : प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगचा दाब, अस्तराची पकड, घासणाऱ्या पृष्ठभागाची सरासरी त्रिज्या आणि अशा पृष्ठभागांची संख्या (येथे दोन). यांतली त्रिज्या आणि संख्या कारखान्यातच ठरून येते. म्हणून घसरण्याचे प्रत्येक कारण अखेर एक तर दाब कमी होण्याचे असते किंवा पकड कमी होण्याचे. निदान करताना हा भेद मनात ठेवला की निम्मे काम होते.

स्थानिक कारणे : चामोर्शी तालुक्यात मोठा घाट नाही, तरी क्लच लवकर जातात. त्याचे एक कारण वजन. बोलेरो पिकअपच्या निरनिराळ्या प्रकारांची भारक्षमता साधारण १.३ ते १.७ टन, ४० किलोची ५० पोती धान भरले की २ टन होतात. दुसरे कारण जमीन. कापणी-चुरण्यानंतर धानाच्या ढिगापर्यंत गाडी नेताना बांधीची धुरे ओलांडावी लागतात. ओल्या मातीत किंवा नदीकाठच्या वाळूत रुतलेली गाडी चालक पुढे-मागे झुलवतो आणि तेवढा वेळ प्लेट अर्धवट घासत राहते. एका मोसमाची झीज अशा अर्ध्या तासात होऊ शकते. तिसरे कारण अलीकडचे. सुरजागडच्या लोहखनिजाच्या जड ट्रकांनी आलापल्ली-आष्टी मार्गाची चाळण केली. त्यांच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना चालकाचा डावा पाय क्लचवरून निघत नाही. ‘हाफ क्लच’ची ही सवय मोकळ्या रस्त्यावरही टिकते. मेमधला तेंदूपाल्याचा हंगाम आणि महाशिवरात्रीची मार्कंड्याची यात्रा या काळात गाड्यांना उसंत नसते.

लक्षणे : दोष प्रथम वरच्या गिअरमध्ये आणि भरल्या गाडीत दिसतो. खालच्या गिअरमध्ये पेटी चाकांकडचा भार हलका करून क्लचकडे देते. टॉपमध्ये तो जवळजवळ थेट येतो. त्यामुळे रिकामी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये गॅरेजभोवती फिरवून ‘क्लच चांगला आहे’ असा निर्वाळा देण्याला काही अर्थ नाही. मूलकडे जाताना हरणघाटाच्या पुलाचा चढ भरल्या गाडीला चौथ्या गिअरमध्ये घेता आला की नाही, हा प्रश्न चालकाला आधी विचारावा. पुढच्या टप्प्यात जळक्या अस्तराचा उग्र वास येतो, डिझेल जास्त लागते आणि पेडल अगदी वर आल्यावरच गाडी हलू लागते.

चाचणी : सपाट जागी चाकांना दगड लावावे, हँडब्रेक पूर्ण ओढावा, गाडीपुढे कोणी उभे राहू नये. इंजिन चालू ठेवून टॉप गिअर टाकावा, थोडा एक्सलरेटर देऊन क्लच सोडावा. धडधाकट क्लच असेल तर इंजिन तिथेच बंद पडते. ते फिरतच राहिले तर क्लच घसरत आहे. लगेच बंद करावे. चाचणी पुन्हा पुन्हा केल्यास उरलेसुरले अस्तरही जळते. थंड क्लच ही परीक्षा पास होतो आणि दहा किलोमीटर पुढे नापास होतो, म्हणून गाडी चालवून आणल्यावरच ती घ्यावी. दुसरी परीक्षा रस्त्यावरची. टॉपमध्ये भार देऊन चालवताना पेडल क्षणभर दाबून सोडावे. चढलेला इंजिनाचा आवाज तत्काळ खाली न येता रेंगाळला तर प्लेट पकडत नाही. बऱ्याच जुन्या पिकअपमध्ये फेऱ्यांचा काटा नसतो, त्यामुळे कानावरच भिस्त ठेवावी लागते.

फसवे दोष : ‘गाडी ओढत नाही’ अशी तक्रार आली की क्लचचे नाव आधी घेतले जाते. डिझेल फिल्टर तुंबला, नोजल बिघडले किंवा टर्बोचा होज फाटला तरी गाडी ओढत नाही. पण तेव्हा इंजिनाचा आवाजही चढत नाही. आवाज चढतो आणि वेग चढत नाही, एवढ्यावरून फरक कळतो. ब्रेक जाम असेल तर चाकाचा ड्रम हाताला चटका देतो. पुराच्या पाण्यात उभी राहिलेल्या गाडीत उलटा दोष आढळतो : प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते आणि क्लच सुटतच नाही.

पेटी उतरवण्याआधी : या टप्प्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. केबलच्या क्लचमध्ये पेडलला मोकळा खेळ हवा. तो गाडीगणिक वेगळा असला तरी साधारण १५ ते २५ मिमी धरतात. अस्तर झिजत जाते तसा हा खेळ कमी होतो. तो संपला की रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटची स्प्रिंग ढकलणारे) सतत टेकून राहते आणि स्प्रिंगचा काही दाब खाऊन टाकते. अशा वेळी दोन पाने आणि नट एवढ्यात काम भागते. केबल आवरणात अडकत असेल तर पेडल सुस्तपणे वर येते, ती बदलावी.

हायड्रॉलिक क्लचमधील एक दोष हमखास चुकतो. मास्टर सिलिंडरच्या दांड्याला मोकळीक नसली किंवा आतला सूक्ष्म परतीचा मार्ग कचऱ्याने बुजला, तर पेडल सोडल्यावरही नळीत दाब अडकून राहतो. इंजिन तापले की तेल फुगते, दाब वाढतो आणि क्लच आपोआप अर्धवट दाबला जातो. सकाळी ठीक, दुपारी घसरते, तासभर उभी केली की पुन्हा ठीक, ही त्याची खूण. घसरत असतानाच स्लेव्ह सिलिंडरचे ब्लीडिंग निपल किंचित सैल करावे. तेलाची चिळकांडी उडून घसरणे थांबले, तर दोष प्लेटचा नाही. या दोषापायी चांगल्या प्लेटा भंगारात गेलेल्या आहेत.

पेटी उतरवल्यावर : प्लेट हातात घेऊन रिव्हेटची डोकी पाहावीत. ती अस्तराच्या पातळीला आली असतील तर फ्लायव्हीलवर गोल चरे उमटलेले दिसतात. अस्तर जाड असूनही काळे, चकचकीत आणि ओलसर असेल तर तेल लागले आहे. इंजिनाकडचे बॅक ऑइल सील गळते की गिअरपेटीकडचे, हे तेलाच्या दाटपणावरून आणि वासावरून ओळखतात. सील न बदलता नवी प्लेट बसवली तर ती काही आठवड्यांत तशीच होते. फ्लायव्हीलवरचे निळसर डाग अतिउष्णतेचे. लेथवर फेसिंग दर वेळी करावे की फक्त चरे पडल्यावर, याविषयी कारागिरांत मतभेद आहेत. नव्या प्लेटबरोबर प्रेशर प्लेटही बदलावी का, याविषयीही. रिलीज बेअरिंग मात्र जुने परत बसवू नये.

खर्च : गाडी, सुटे भाग आणि गाव यांनुसार बदलतो.

स्वयंचलित पेटी : मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली पहिली पूर्ण स्वयंचलित पेटी अमेरिकेत ओल्ड्समोबाइलच्या १९४० च्या मॉडेलमध्ये आली. भारतात २०२२ मध्ये आलेल्या टोयोटा हायलक्ससारख्या मोजक्या पिकअपमध्ये ती मिळते. घसरण्याच्या तक्रारीत आधी तेलाची पातळी, रंग आणि वास पाहतात : लाल तेल तपकिरी होऊन जळका वास येत असेल तर आतली क्लच-अस्तरे जळत आहेत. पातळी कमी असल्यास चढावर किंवा वळणावर पंप हवा ओढतो आणि पेटी क्षणभर सुटते. ब्रेक दाबून इंजिन चढवण्याची चाचणी ५ सेकंदांहून अधिक करू नये.

खबरदारी : जुन्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. बेलहाऊसिंगमधली (क्लचभोवतीच्या कवचातली) धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी आणि तो फडका पुन्हा वापरू नये.