पडद्यावरच्या भेंड्या: भुलाबाईच्या खिरापतीपासून टाळेबंदीतील हौजीपर्यंत

१.
मार्च २०२० च्या मध्यात दुबईहून परतलेल्या सहलगटातील प्रवासी यवतमाळमध्ये कोरोनाबाधित आढळले. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. बैठका, बारशी, वाढदिवस, हळदीकुंकू सारे थांबले. काही दिवसांतच घरोघरी मोबाइलच्या पडद्यावर मैफली भरू लागल्या. या मैफलींत काही खेळ रंगले, तर काही पहिल्याच दिवशी कोसळले. असे का झाले, याचे उत्तर वऱ्हाडाच्या जुन्या खेळांत सापडते.

२.
आधी साधनांची स्थिती पाहू. एप्रिल २०२० पर्यंत व्हॉट्सॲपच्या सामूहिक व्हिडिओ कॉलवर एका वेळी चारच जण बोलू शकत. त्या महिन्याच्या अखेरीस ही मर्यादा आठ झाली. झूमवर शंभर जणांना येता येई. पण फुकटची सामूहिक बैठक चाळीस मिनिटांनी बंद पडे. पुण्यातली लेक, हैदराबादेतला मुलगा, यवतमाळ किंवा पुसदला राहिलेले आईवडील आणि वणीची मावशी यांना एकत्र आणणारी बैठक अशी घड्याळ लावून भरत असे.

३.
फुगडी, कबड्डी, आट्यापाट्या पडद्यावर शक्य नव्हत्या, हे उघड आहे. त्यांत अंगाला अंग आणि पायाला जमीन लागते. परंतु पडद्यावर आणखी एक गोष्ट अशक्य ठरली, आणि तिने अनेकांना चकित केले. एकत्र गाणे जमेना. आरती असो, वाढदिवसाचे गाणे असो वा टाळ्यांवरचे गीत, प्रत्येकाचा सूर दुसऱ्याच्या मागे रेंगाळू लागला.

४.
याचे कारण आवाजाच्या प्रवासात आहे. हवेतून ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. दहा मीटरवर उभ्या असलेल्या गायकाचा आवाज साधारण ३० मिलिसेकंदांनी ऐकू येतो, आणि एकत्र ठेका धरण्याची माणसाची क्षमता याच सुमारास ताणली जाते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.११४ ही शिफारस संभाषणासाठी एका बाजूचा १५० मिलिसेकंदांपर्यंतचा विलंब चालवून घेते. म्हणजे जो विलंब बोलण्याला खपतो, तो समूहगायनाला मारतो.

५.
त्यात भर म्हणजे, प्रतिध्वनी टाळण्यासाठी या प्रणाली एकाच वेळी आलेल्या आवाजांपैकी काहींना दाबतात. त्यामुळे पडद्यावर एकच नियम टिकतो: एकाने बोलावे, बाकीच्यांनी ऐकावे, मग दुसऱ्याची पाळी. जो खेळ मुळातच पाळीवर उभा आहे तो तगला आणि ज्याचा प्राण एकत्र लयीत आहे तो विझला. खेळ जुना की नवा, याने काही फरक पडला नाही.

६.
पाळीच्या खेळांची परंपरा आपल्याकडे फार जुनी आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्रात चौसष्ट कलांची जी यादी आहे, तीत ‘प्रहेलिका’ म्हणजे कोडी आणि ‘प्रतिमाला’ यांचा समावेश आहे. एकाच्या श्लोकाच्या शेवटच्या अक्षराने दुसऱ्याने नवा श्लोक सुरू करायचा, ही ती प्रतिमाला. संस्कृतात तीच अंत्याक्षरी. नागरकाच्या सुसंस्कृत करमणुकीत तिला स्थान होते, कारण तिला लागे फक्त पाठांतर आणि हजरजबाबीपणा.

७.
मराठी घरांत याच खेळाला ‘भेंड्या’ म्हणतात. समोरच्या पक्षाला वेळेत गाणे सुचले नाही की आकडे मोजले जातात आणि त्यांच्यावर ‘भेंडी चढते’. मराठीत ‘ण’ किंवा ‘ळ’ ने शब्द सुरू होत नाहीत, म्हणून ‘ण’ आला तर ‘न’ आणि ‘ळ’ आला तर ‘ल’ घेण्याची तडजोड खेळणारेच करून घेतात. एसटीच्या प्रवासात, लग्नघरी, वीज गेलेल्या रात्री हा खेळ रंगला. झी टीव्हीवर १९९३ पासून अन्नू कपूर यांच्या सूत्रसंचालनाखाली तो देशभर ‘अंताक्षरी’ म्हणून पोहोचला.

८.
भेंड्यांचा एक नियम येथे ध्यानात ठेवावा. या खेळात मौनाचा एकच अर्थ असतो. आकडे मोजून झाले आणि समोरून सूर आला नाही, तर तो पक्ष हरला. समोरासमोर बसलेल्यांना याबद्दल कधी शंका येत नाही. चेहरा पाहूनच कळते की गाणे खरोखर सुचत नाही. पडद्याने नेमकी हीच खात्री काढून घेतली.

९.
यवतमाळसह विदर्भात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली भुलाबाई मांडतात. भुलाबाई म्हणजे भिल्लिणीच्या रूपातील पार्वती आणि भुलोजी म्हणजे शंकर. मातीच्या या जोडीपुढे मुली संध्याकाळी घरोघरी जाऊन टाळ्या वा टिपऱ्यांच्या ठेक्यावर गाणी म्हणतात. माहेर-सासरच्या कथा, सासूची थट्टा, दागिन्यांची हौस हे सारे त्या गाण्यांत येते. या उत्सवाचा पहिला भाग म्हणजे एकत्र लय, आणि वर पाहिल्याप्रमाणे तो पडद्यावर पेलत नाही.

१०.
दुसरा भाग मात्र खेळाचा आहे. गाणी संपली की खिरापत वाटायची, पण आधी ती ओळखायची. यजमानीण झाकलेला डबा हलवून आवाज ऐकवते. मुली विचारतात: गोड की तिखट? ओली की कोरडी? तळलेली की भाजलेली? प्रत्येक उत्तराने शक्यता कमी होत जातात. चांगला प्रश्न तो, जो उरलेल्या पदार्थांची यादी अर्धी करतो. जगभर ‘वीस प्रश्न’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खेळाचे तर्कशास्त्र हेच आहे. विदर्भातील मुली ते डब्याच्या खुळखुळाटातून शिकतात.

११.
खिरापत ओळखणे हा खेळ पडद्यावर जसाच्या तसा चालतो: झाकलेला डबा, त्याचा आवाज, एकेकीचा प्रश्न. ओळखल्यानंतर ती तोंडात मात्र पडत नाही. घरोघरी फिरून मिळणाऱ्या वेगवेगळ्या खिरापती हे मुलींच्या संध्याकाळचे खरे वैभव होते. नियम पडद्यातून गेले, घास अलीकडेच राहिला.

१२.
पोळ्याला विदर्भात ‘झडत्या’ म्हणतात. गावच्या मैदानात आंब्याच्या पानांचे तोरण बांधलेले असते, त्याखाली सजवलेल्या बैलजोड्या उभ्या राहतात आणि शेतकरी एकेक करून खड्या आवाजात यमकबद्ध रचना म्हणतो. एकाच्या झडतीला दुसऱ्याने झडतीनेच उत्तर द्यायचे. त्यात पुराणातले प्रसंग येतात, तसेच सावकार, पुढारी, कापसाचा भाव आणि नापिकीही येते. यवतमाळसारख्या कापूस पिकवणाऱ्या आणि शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या जिल्ह्यात ही केवळ करमणूक नसते. वर्षभर जे बोलता येत नाही ते तोरणाखाली बोलता येते.

१३.
ऑगस्ट २०२० मध्ये साथीमुळे सार्वजनिक पोळ्यावर बंधने होती. बैलांची पूजा घरच्या गोठ्यात झाली. झडती हा पाळीचाच खेळ असल्याने तत्त्वतः ती पडद्यावर म्हणता येते. मात्र तिच्या शेवटी गावाने एका आवाजात केलेला महादेवाचा गजर हा तिचा निकाल असतो. गजर किती मोठा उठला त्यावरून झडती कितपत लागली ते कळते. पाळी पडद्यातून जाते, गजर जात नाही.

१४.
टाळेबंदीत सर्वाधिक यशस्वी ठरलेल्या खेळांपैकी हौजी मात्र परदेशातून आलेली आहे. तिचे मूळ इटलीतल्या सोळाव्या शतकातील सोडतीपर्यंत नेले जाते. ‘तंबोला’ हे तिचे दुसरे नावही इटालियन ‘तोंबोला’वरून आलेले. ब्रिटिश सैनिकांत ती ‘हाउस’ म्हणून खेळली जाई. छावण्या आणि क्लबांतून ती भारतीय मध्यमवर्गाच्या सहलींत, सोसायट्यांत आणि महिला मंडळांत रुजली.

१५.
हौजीच्या तिकिटावर तीन ओळी आणि नऊ स्तंभ असतात, म्हणजे २७ घरे. त्यांपैकी १५ घरांत १ ते ९० मधील आकडे असतात, प्रत्येक ओळीत पाच. एकजण आकडे पुकारतो, बाकीचे खोडतात. पडद्यासाठी यापेक्षा सोयीचा खेळ शोधूनही सापडला नसता. बोलणारा एकच, ऐकणारे कितीही. तिकीट छायाचित्र म्हणून आधीच पाठवता येते. पहिली ओळ किंवा फुल हाउस झाल्याचा दावा केला की तिकीट पडद्यासमोर धरायचे. पणजीपासून पणतूपर्यंत कुणालाही कौशल्याची अट नाही.

१६.
दूर बसून पाळीने खेळण्याची कल्पनाही जुनीच. १८२४ ते १८२८ या काळात लंडन आणि एडिंबरो येथील बुद्धिबळ मंडळांनी टपालाने डाव खेळले. पत्र पोहोचायला दिवस लागत, म्हणून सामना वर्षानुवर्षे चालला आणि अखेर एडिंबरोने तो जिंकला. १८४४ मध्ये वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर यांच्यात तारयंत्रावरून डाव रंगले. वेग वाढत गेला, तत्त्व तेच राहिले: एक चाल, मग प्रतीक्षा, मग उत्तर.

१७.
आता पुन्हा मौनाच्या प्रश्नाकडे यावे. ३० ऑगस्ट २०२० रोजी आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या पहिल्या ऑनलाइन ऑलिंपियाडचा अंतिम सामना भारत आणि रशिया यांच्यात झाला. भारताचे कर्णधारपद नाशिकच्या विदित गुजराथीकडे होते. संघात नागपूरची चौदा वर्षांची दिव्या देशमुख होती; तीच पुढे २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकणारी. पहिली फेरी ३–३ अशी बरोबरीत सुटली.

१८.
दुसऱ्या फेरीत जागतिक पातळीवर इंटरनेटचा बिघाड झाला. निहाल सरीन आणि दिव्या यांची जोडणी तुटली, घड्याळ चालत राहिले आणि दोघांचे डाव वेळेअभावी हरलेले ठरले. भारताने दाद मागितली. महासंघाचे अध्यक्ष आर्कादी द्वोर्कोविच यांनी दोन्ही संघांना सुवर्णपदक दिले. घड्याळाच्या भाषेत ते मौन म्हणजे पराभव होता. प्रत्यक्षात खेळाडूंच्या हाती काहीच नव्हते.

१९.
याच स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीत भारताविरुद्ध आर्मेनियाच्या हाइक मार्तिरोस्यान यांची जोडणी तुटली होती. आर्मेनियाची दाद फेटाळली गेली आणि संघाने स्पर्धा सोडली. एकाच स्पर्धेत, एकाच प्रकारच्या मौनाला दोन वेगळे अर्थ मिळाले. न्याय झाला की नाही यावर मते भिन्न राहतील. तथापि नियमपुस्तकाने ज्याचा पुरेसा विचार केला नव्हता, ती अडचण येथे जगापुढे आली.

२०.
घरगुती मैफलीत हा प्रश्न रोजचाच होता आणि तेथे पंच नव्हता. भेंड्यांत आकडे मोजले जात असताना गावाकडच्या काकूंचा चेहरा पडद्यावर गोठतो. त्यांना गाणे सुचले नाही, की रेंज गेली? अशा वेळी मोजणी थांबवून ‘काकू, आवाज येतोय का?’ असे विचारणे हा टाळेबंदीतला नवा, अलिखित नियम होता. हरणे-जिंकणे मागे टाकून आधी समोरचा माणूस आहे ना, याची खात्री करायची.

२१.
तो नियम तरी सर्वांपर्यंत पोहोचला का? ज्या घरात एकच स्मार्टफोन होता तेथे तो आधी मुलांच्या ऑनलाइन शाळेला लागला. जिथे रेंजसाठी गच्चीवर किंवा टेकडीवर जावे लागते, तिथली माणसे मैफलीत आलीच नाहीत. गोठलेल्या चेहऱ्याची विचारपूस होऊ शकते. जो चेहरा चौकटीत आलाच नाही त्याचे मौन कुणाला ऐकू येत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पुन्हा निर्बंध लागले, तेव्हाही हे अंतर तसेच होते.

२२.
म्हणून पडद्यावरच्या खेळांना ‘नव्या काळाची नवी करमणूक’ म्हणणे अपुरे आहे. प्रतिमाला, भेंड्या, खिरापत, झडती आणि हौजी यांनी पाळीची शिस्त आधीच घडवली होती. पडद्याने तिची परीक्षा घेतली. भुलाबाईच्या खेळात डब्यातले काय ते ओळखण्याआधी एक गोष्ट पाहिली जाते: सगळ्या मुली आल्या का? ती जुनी रीत दूरच्या मैफलींनाही तितकीच लागू पडते.

(समाप्त)