पेशीची वंशावळ

वंशावळ हा आपल्या लोकांचा मोठा जिव्हाळ्याचा विषय आहे. घरात जुन्या कागदांचे दप्तर असो वा नसो, चार पिढ्यांमागचा पणजोबा कोणत्या गावाहून आला आणि त्याला मुलगे किती, हे तोंडपाठ सांगणारी एखादी आत्याबाई प्रत्येक घरात असते. वंशावळीवरून झालेले भांडणही प्रत्येक घरात असते, कारण तीत कुणाचे नाव घातले आणि कुणाचे गाळले यावर वतनाचे वाटे ठरत. फराळाला सारे कुटुंब जमले असताना मी आज अशाच एका घराण्याची हकीकत सांगणार आहे. हे घराणे तुमचे आहे, माझे आहे आणि अंगणातल्या तुळशीचेही आहे. पेशी हे त्याचे नाव.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. शाळेत भाषा आणि इतिहास शिकवावा, सुटीत कादंबरी लिहावी, असा माझा क्रम. शास्त्राशी गाठ पडली ती मुलगी कॉलेजात गेल्यावर. ती जीवशास्त्राच्या वहीत पेशीच्या आकृत्या काढी आणि मी तिच्या पुस्तकात आकृतीखाली छापलेली नावे नि साले वाचीत बसे. इतिहासाच्या मास्तराला सनावळीचा नाद सुटत नाही. त्या सालांमागची माणसे धुंडाळू लागलो, तेव्हा तिथेही वतन आहे, वाटेकरी आहेत आणि वाटा न मिळालेले भाऊबंदही आहेत, असे दिसून आले.

मूळ पुरुष म्हणून रॉबर्ट हूकचे नाव सांगतात. १६६५ साली लंडनमध्ये त्याने ‘मायक्रोग्राफिया’ नावाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. बाटलीच्या बुचाचा पातळ काप धारदार चाकूने काढून त्याने तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तो मधाच्या पोळ्यासारखी घरेच घरे! या घरांना त्याने ‘सेल’ म्हटले. मठातल्या संन्याशाच्या खोलीलाही इंग्रजीत तोच शब्द आहे. एक घन इंच बुचात अशा १२५ कोटी ९७ लाख १२ हजार खोल्या भरतील, असा हिशेबही त्याने मांडून दाखवला. सॅम्युएल पेपीस हा दैनंदिनीकार ते पुस्तक वाचीत रात्री दोन वाजेपर्यंत जागला. परंतु हूकने पाहिल्या त्या ओस पडलेल्या वाड्याच्या भिंती होत्या. आतले बिऱ्हाड केव्हाच उठून गेले होते. बूच म्हणजे झाडाची मेलेली साल.

बिऱ्हाडकरू पाहिले ते हॉलंडातल्या डेल्फ्ट गावच्या एका कापडदुकानदाराने. अँटनी व्हान लेव्हेनहूक त्याचे नाव, जन्म १६३२ चा. बाप टोपल्या विणणारा. विद्यापीठाची पायरी हा कधी चढला नाही. त्या काळी लॅटिन न येणारा तो अडाणी अशी समजूत होती, आणि याला एका डच भाषेखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. कापडाचा पोत पारखायला दुकानदार भिंग वापरीत. त्या भिंगाचा याला असा छंद लागला की हाताने काचा घासून त्याने पाचशेंच्या वर भिंगे तयार केली. मिरी जिभेला झोंबते ती का, हे पाहावे म्हणून त्याने मिरी पाण्यात भिजत घातली. मिरीच्या कणांना काटे असतील अशी त्याची अटकळ होती. काटे दिसले नाहीत; दिसले ते वळवळणारे जीव, आणि तेही एका थेंबात हजारांनी!

९ ऑक्टोबर १६७६ रोजी त्याने हे सारे पत्राने लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. तिथल्या पंडितांचा विश्वास बसेना. तेव्हा या गृहस्थाने धर्मोपदेशकांसह आठ प्रतिष्ठित माणसांना ते जीव दाखवून त्यांच्या सह्यांच्या साक्षी पाठवल्या. मुलखातले पंच गोळा करून महजर करावा, तसाच हा प्रकार! अखेर १६७७ च्या नोव्हेंबरात खुद्द हूकने मिरीचे पाणी भिंगाखाली धरून सोसायटीच्या सभासदांना ते जीव दाखवले, आणि १६८० साली हा दुकानदार सोसायटीचा सभासद झाला. पुढे नव्वदाव्या वर्षी मरण येईपर्यंत तो पत्रे लिहीत राहिला, तीही डच भाषेतच. मायबोलीखेरीज काही न येणाऱ्या त्या माणसाने जगाला एक नवे जग दाखवले, हे वाचून मजसारख्या मॅट्रिकवाल्याला किती बरे वाटले असेल याची वाचकांनी कल्पना करावी.

यानंतर दीडशे वर्षे गेली. १८३८ साली श्लायडेनने सांगितले की साऱ्या वनस्पती पेशींच्या बनल्या आहेत. हा श्लायडेन मूळचा वकील. पुढल्याच वर्षी त्याचा स्नेही श्वान याने प्राण्यांविषयीही तेच सांगितले. झाड आणि जनावर यांचे कूळ एक ठरले. पण नवी पेशी येते कोठून? या दोघांचे म्हणणे असे, की पाकातून खडीसाखरेचे खडे धरावेत तशा रसातून पेशी धरतात. म्हणजे या घराण्यात आईबापांवाचून मुले होतात, असाच त्याचा अर्थ झाला.

इथेच आपल्या वंशावळीतले गाळलेले नाव येते. रॉबर्ट रेमाक हा १८१५ साली पोझेन इथे जन्मलेला ज्यू. बर्लिनमध्ये त्याने वैद्यकाचा अभ्यास केला. प्रशियात त्या काळी ज्यू माणसाला विद्यापीठात शिकवण्याची मुभा नव्हती. बाप्तिस्मा घेतला की दार उघडत असे. पुष्कळांनी तो घेतला; रेमाकने घेतला नाही. कोंबडीच्या अंड्यातला गर्भ आणि बेडकाची अंडी यांवर तो वर्षानुवर्षे डोळा लावून बसला, आणि एका पेशीच्या दोन, दोनांच्या चार होतात हे त्याने पाहिले. पेशी ही पेशीच्या दुभागण्यानेच जन्मते, असे त्याने १८५२ साली छापून सांगितले.

१८५५ साली रुडॉल्फ फिर्खो या नामांकित वैद्याने हेच तत्त्व एका लॅटिन वचनात बांधले. ‘प्रत्येक पेशी पेशीपासून’ हा त्याचा आशय. त्या लेखात रेमाकचे नाव नव्हते. रेमाकने पत्र लिहून तसे सुनावलेही. पण वचन फिर्खोच्या नावावर चढले ते चढलेच. फिर्खो लहान माणूस नव्हता. रोग शरीरात कुठे बसतो, तर पेशीत, हे त्याने वैद्यकाला शिकवले. १८४८ साली सायलेशियात तापाच्या साथीची पाहणी करून गरिबांच्या उपासमारीवर त्याने सरकारला खडे बोल ऐकवले. अशा माणसाच्या हातून शेजाऱ्याचे नाव गाळले जावे, याची रुखरुख लागते. रेमाक १८६५ साली वारला. त्याचा नातूही रॉबर्ट रेमाकच, नाणावलेला गणिती. १९४२ साली ऑशवित्झच्या छळछावणीत त्याचा अंत झाला. प्रत्येक जीव दुसऱ्या जिवापासूनच येतो हे ज्याने दाखवले, त्याच्या घराण्यावर वंशाच्याच नावाने हा घाला पडावा! त्यापुढे माझी लेखणी अडते.

आता पेशीच्या घरातले स्वयंपाकघर पाहू. सजीवांच्या अंगातले पदार्थ बनवायला काही अलौकिक शक्ती लागते, असे पूर्वी मानीत. १८२८ साली व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने, मूत्रात असणारे युरिया हे द्रव्य मूत्रपिंडावाचून, काचेच्या भांड्यात तयार केले. पुढे १८९७ साली एडुआर्ड बुखनरने यीस्ट वाळूबरोबर खलात घोटून तिचा रस पिळून काढला. रस टिकावा म्हणून त्यात साखर घातली. आपण मुरांब्यात घालतो तीही त्याचसाठी. पण रस टिकण्याऐवजी त्याला फसफसून बुडबुडे येऊ लागले. जिवंत पेशी एकही नव्हती, तरी साखर आंबत होती. आंबवण्याचे काम पेशीतली द्रव्ये करतात, हे त्या बुडबुड्यांनी सांगितले. १९०७ साली बुखनरला नोबेल पारितोषिक मिळाले.

या स्वयंपाकघरातली चूल कशावर पेटते, हे सांगण्यात आपल्या देशाचा एक माणूस आहे. आंध्रातल्या भीमवरम गावी १८९५ साली जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव. तिसऱ्या खेपेस ते मॅट्रिक झाले! शाळेतला एखादा मुलगा नापास होऊन मान खाली घालून उभा राहिला, की मी त्याला हे नाव सांगतो. १९२३ साली ते अमेरिकेत हार्वर्डला गेले आणि पोटासाठी रुग्णालयात रात्रपाळीची हलकी कामे करू लागले. १९२९ साली फिस्के या सहकाऱ्याबरोबर त्यांनी स्नायूंत एटीपी हे द्रव्य दाखवले. त्याच वर्षी जर्मनीत लोमाननेही ते शोधले. पेशीला लागणारी शक्ती या द्रव्याच्या रूपाने हातोहाती फिरते. माणसाचे शरीर दिवसभरात जवळजवळ स्वतःच्या वजनाइतके एटीपी मोडते आणि पुन्हा घडवते. हार्वर्डने सुब्बारावांना कायमची जागा दिली नाही. १९४८ साली ते न्यूयॉर्कला वारले, आणि त्यांचे नावही कितीतरी पुस्तकांत नाही.

वाचकहो, रेमाकचे म्हणणे खरे, म्हणून तुमच्या अंगातली प्रत्येक पेशी आईच्या उदरातल्या एका पेशीची संतती आहे. ती पेशी आईबापांच्या पेशींची, त्या आजाआजींच्या. असे मागे मागे गेले तर अब्जावधी वर्षांत ही परंपरा एकदाही तुटलेली नाही. तुटली असती तर आज आपण फराळाला बसलो नसतो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी एका पणतीवर दुसरी पणती लावतात, तशीच ही चाल आहे. मुलांना ती सांगताना हूक, श्लायडेन आणि श्वान ही नावे सांगाच. त्यांच्या ओळीत रेमाक आणि सुब्बाराव हीही दोन नावे घाला. वंशावळ दुरुस्त करण्याला मुदत नसते.